आधी आवळ, मगे सोड

आमच्या घरमालकाने जी मोटार घेतली होती, तिच्यावरच्या कालवांचं सुकं मी स्वतः खाल्लेलं आहे. मडगार्डवरच्या कालवांना पेट्रोलचा किंचित वास मारत होता, पण मागच्या कमानीवरची, म्हणजे चाकावर गाडी तोलून धरणारे ते पोलादी पाटे असतात ना, त्यांच्या सांदीतली कालवं अशी गोड की जेवून उठल्यावर मी त्या गाडीला मनोमन नमस्कार केला.

मी तेव्हा एस.टी.त कंडक्टर होतो. सावंतवाडीहून बदली होऊन मालवणात आलो आणि खाडीच्या अंगाला एका किरिस्तांवाच्या घरात पुढची खोली भाड्याने घेतली. गोव्याची वाट तेव्हा बंद होती. बांद्याच्या पुढे पोर्तुगीज, अलीकडे आपण, मध्ये आडवा बांबू. इकडचा पाहुणा तिकडे नाही, तिकडचा इकडे नाही. घरमालकाला अख्खं गाव 'पात्रांव' म्हणायचं. पात्रांव म्हणजे मालक, शेठ. त्याच्यापाशी मालकी सांगण्यासारखं काय होतं? एक कौलारू घर, बारा माड, एक बायको आणि ही मोटार.

मोटार विलायती होती. कुणा व्यापाऱ्याची. दोन होड्यांवर फळ्या ठोकून केलेल्या सांगडीवरून ती खाडी ओलांडत असताना सांगड कलंडली आणि मोटार बसल्या बैठकीत तळाला गेली. व्यापारी पोहत काठाला लागला तो मागे वळून न बघता थेट घरी. एक अख्खा पावसाळा ती पाण्याखाली होती. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, तिचं छप्पर वर दिसायचं आणि त्यावर पाणकावळे पंख वाळत घालून बसायचे. पात्रांवने दोन कोंबडे आणि केळ्यांचा एक घड देऊन तो सौदा केला. मग रापण ओढणारी सगळी माणसं बोलावली. त्यांनी जाळ्याचा दोर गाडीला बांधून, हाळी देत देत ती किनाऱ्यावर ओढली. सवयीप्रमाणे बंदरावरची सगळी मांजरं मासळी आली समजून धावत आली. माझ्या मते त्यांची फसगत झाली नाही, कारण डिकीतून गुंजले मासे निघाले ते मी मोजले नाहीत, पण शेजारपाजारच्या सगळ्या चुली दोन दिवस दरवळत होत्या.

आता ही मोटार दुरुस्त करायची म्हणजे काय करायचं? मालवणात लोखंड आणणं म्हणजे बर्फ आणण्यासारखं. आणून ठेवलं की विरघळायला लागतं. माझा तिकिटांना भोकं पाडायचा चिमटा एका चतुर्थीच्या सुट्टीत असा गंजला की ड्यूटीवर गेल्यावर मला तिकिटं दातांनी चावून द्यावी लागली, आणि प्रवाशांनी ती निमूट घेतली. या मोटारीचा प्रत्येक नट, प्रत्येक बोल्ट खाऱ्या पाण्याने लालभडक होऊन एकजीव झालेला. दुसऱ्या कुणी मिस्त्रीने छिन्नी लावून फटाफट तोडले असते. पात्रांवचं म्हणणं असं की बोल्ट तोडला की तो मेला. नवा आणायचा तर मुंबईहून आगबोटीने, आणि तोही येता येता वाटेतच गंजणार. शिवाय छिन्नी ही खाटकाची अक्कल. बोल्ट हा समजूत काढून सोडवायचा असतो.

तरुणपणी तो आगबोटींच्या इंजिनखात्यात होता. बॉयलरच्या आवाजाने त्याचा एक कान गेलेला. पण तोच बहिरा कान तो बोल्टला लावायचा. म्हणायचा, चांगल्या कानाला माणसांच्या बोलण्याचा कचरा बसतो, लोखंडाचं बोलणं ऐकायला कान कोरा हवा. आखूड, रुंद माणूस. डोक्यावर काथ्यासारखे केस. बारा महिने खाकी अर्धी चड्डी. रविवारी इगर्जेत जाताना त्या चड्डीवरच काळा कोट घालायचा आणि पाद्रीबाबाची नजर चड्डीपर्यंत जाऊ नये म्हणून हातात उघडी छत्री तिरकी धरायचा.

त्याची पद्धत अशी. आधी रॉकेल आणि उंडीचं तेल एकत्र करायचं, त्यात फडकं बुडवायचं आणि ते बोल्टला बांधायचं, आपण गळवाला पोटीस बांधतो तसं. मोटार लढाईवरून परत आलेल्या शिपायासारखी नखशिखांत पट्ट्यांत गुंडाळलेली, आणि वरच्या टपावर कोंबड्या. रोज सकाळी पोटीस बदलायचं. आठ-पंधरा दिवसांनी बोल्ट 'मऊ' झाला असं त्या बहिऱ्या कानाला कळलं की करवंटीचे निखारे पळ्यात घेऊन त्याच्या बुडाशी धरायचे, फुंकणीने फुलवायचे आणि नट तापला की त्याला मेणबत्तीचं टोक टेकवायचं. मेण वितळून आट्यांच्या आत ओढलं जायचं. हे मी डोळ्यांनी बघितलंय. तहानलेलं वासरू पाणी ओढेल तसा नट मेण प्यायचा.

आणि मग पाना लावायचा. इथे पात्रांवचा मूळ मंत्र होता. सोडायच्या आधी बोल्ट आवळायचा. केसभरच, पण आवळायचा. मी विचारलं, आधीच अडकलेला तो आणखी कशाला आवळायचा? त्यावर त्याने दिलेलं उत्तर मी अजून विसरलो नाही.

"तेका वाटाक होया, तू तेच्याच बाजून आसस," तो म्हणाला. "आधी आवळ, मगे सोड. सरळ सोडूक गेलस तर तो हट्टाक पेटता."

खरोखर तसंच व्हायचं. केसभर आवळला की आत कुठेतरी गंज करकन् मोडायचा आणि मग तोच बोल्ट लोण्यातून फिरल्यासारखा सुटायचा. सुटलेला बोल्ट तो घासायचा, पुसायचा, तेलात घालून ठेवायचा. प्रत्येकाला नाव होतं. पुढच्या कमानीचा एक बोल्ट 'तलाठी', कारण दहा खेपा घातल्याशिवाय हलला नाही. एक 'सासू', एक 'वकील'. वकील सुटला पण त्याचे आटे सगळे झिजलेले निघाले.

मेणबत्त्या तो इगर्जेतून आणायचा. जळून उरलेली टोकं. एकदा पाद्रीबाबांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी त्याला बोलावून चांगलं सुनावलं की या मेणबत्त्या अडकून पडलेल्या आत्म्यांच्या सुटकेसाठी असतात. पात्रांव म्हणाला की मग माझं तरी काय वेगळं चाललंय. पाद्रीबाबा रागावून सायकलवर बसायला गेले तर सायकलचं पायडल फिरेना. खाऱ्या हवेने धरलेलं. पात्रांवने तिथल्या तिथे, इगर्जेच्या पायरीवर, तीच मेणबत्ती लावून ते सोडवलं. त्यानंतर दर सोमवारी पाद्रीबाबा स्वतः टोकं एका डब्यात घालून पाठवू लागले. गावात काही लोक म्हणायचे की पात्रांवनेच आदल्या दिवशी ते पायडल आवळून ठेवलं होतं. मी काही बघितलं नाही.

हा मंत्र नुसता लोखंडाला नव्हता. एकदा धामापूरच्या चढावर, तळ्याच्या अलीकडे, आमच्या गाडीपुढे एक बैल रस्त्यात बसला. असा बैल की त्याच्या सावलीत अर्धी गाडी मावेल. आम्ही शेपूट पिळली, हॉर्न वाजवला, एका प्रवाशाने कानात गाऱ्हाणं घातलं. ढिम्म. पात्रांव त्या गाडीत होता. तो उतरला, बैलाच्या मानेवर हात ठेवला आणि त्याला खाली दाबू लागला. बस रे बाबा, बस, आरामात बस, कोण उठवतो तुला, असं त्याच्याशी बोलत. मग माझ्या ड्रायव्हरचा कोट काढून बैलाच्या पाठीवर पांघरला. बैलाने एकदा त्याच्याकडे बघितलं. जगात आपल्याला कुणी बस म्हणेल अशी त्याची कल्पना नसावी. तो उठला आणि कोट पाठीवर तसाच घेऊन तळ्याकडे चालता झाला. ड्रायव्हर कोटामागे धावला म्हणून गाडीला उशीर झाला, बैलामुळे नव्हे. मी लॉगशीटवर काय लिहिणार?

तर असा हा माणूस वर्षानुवर्षं त्या मोटारीखाली आडवा पडलेला असायचा. गाडी माडाच्या ओंडक्यांवर चढवलेली, खालून त्याचे दोन पाय बाहेर. गावकरी पायांशीच बोलायचे. घाई कशाला, रस्ता कुठे उघडा आहे, हे त्याचं उत्तर. कारण ही मोटार त्याला एकाच ठिकाणी न्यायची होती. म्हापशाजवळच्या एका गावात, आपल्या मानाच्या दारात.

माना म्हणजे थोरली बहीण. गोव्याकडचे किरिस्तांव तसं म्हणतात. ती सगळी हकीकत मला मावशीने, म्हणजे पात्रांवच्या बायकोने, तुकड्यातुकड्याने सांगितली. ती मूळची मालवणचीच. मासे साफ करताना बोलायची तिला सवय होती, त्यामुळे बांगड्यांचे दिवस असले की हकीकत भराभर पुढे जायची आणि मासळी महागली की थांबायची. पात्रांवची आई तो रांगता असताना गेली. मानाने त्याला वाढवलं. लग्न केलं नाही. घराण्यातला एक मुलगा तरी पाद्री व्हावा म्हणून तिने त्याला पाद्री शिकतात त्या शाळेत घातला. पात्रांव तिथल्या कुंपणावरून उडी मारून पळाला तो थेट आगबोटीच्या भट्टीत कोळसा टाकायला. पहिली सफर करून, नवा कोट घालून, मानासाठी रेशमी छत्री घेऊन घरी परत गेला, तर मानाने दार उघडलं नाही. आतून एवढंच म्हणाली की या घरातून गेलेला मुलगा झगा घालून परत यायचा होता, कोट घालून कोण आलंय ते मला ठाऊक नाही. हाही तिचाच भाऊ. पायरीवर छत्री आपटली आणि ओरडला की आता येईन तो स्वतःच्या मोटारीतून येईन आणि दार उघडेपर्यंत हॉर्न वाजवीन. मग तो मालवणात आला, लग्न केलं, इथलाच झाला. दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलं नाही. आणि मग वाटच बंद झाली.

मावशीच्या मते वाट बंद झाली त्या दिवसापासून पात्रांव सुखाने झोपू लागला होता.

एक दिवस वाट उघडली. गोवा मोकळा झाला. मालवणात फटाके वाजले, आमच्या गाड्या भरभरून वाहू लागल्या. ज्यांचं तिकडे कुणी होतं ते तर गेलेच, ज्यांचं कुणी नव्हतं तेही कुणीतरी शोधायला गेले. आमच्या शेजारची म्हातारी टपावर बसून गेली, कोंबड्यासकट. जो तो जाता जाता मोटारीखालच्या त्या दोन पायांना विचारायचा, पात्रांव, कधी निघणार? पाय म्हणायचे, एक बोल्ट रवलो.

आणि ते खरं होतं. तीन कमानी सुटून, घासून, वंगण लावून परत बसलेल्या होत्या. चौथीची, मागच्या डाव्या कमानीची, एक पिन तेवढी राहिली होती. कमानीचं टोक गाडीच्या सांगाड्याला धरून ठेवणारी, अंगठ्याएवढी जाड. तिचं नाव त्याने 'माना' ठेवलं होतं. तिला पोटीस बांधलं, निखारे दाखवले, एका अख्ख्या ईस्टरच्या मेणबत्त्या पाजल्या. ती हलली नाही. आता हसू नका. गावातली शहाणी माणसंसुद्धा त्या पिनेपुढे हात जोडून उभी राहायला लागली होती. मावशीने तर गुपचूप एक नारळ बोलला होता, आणि तो कुठल्या देवाला ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.

एका दुपारी माझी सुट्टी होती. जेवणं झालेली, गाव घोरत होतं. मी खिडकीशी पडलो होतो. पात्रांव मोटारीखाली गेला, पोटीस सोडलं, पाना लावला. मी मान उंचावली, कारण पाना फिरला. पिनेचा नट फिरला, अगदी आवाज न करता, गुळगुळीत. उजवीकडे. मी मनात म्हटलं, बरोबर, आधी आवळतोय. आता सोडेल. पात्रांवने पाना काढला, नटावरून प्रेमाने फडकं फिरवलं, पोटीस परत बांधलं, कपाळाला खुरसाची खूण केली आणि तिथेच गाडीखाली कूस बदलून झोपला.

मी उठून स्वयंपाकघराच्या पडवीत गेलो. मावशी मासे साफ करत होती. मी बघितलेलं सांगितलं. तिने मान वर केली नाही.

"गेली दोन वर्सां आवळता तो तेका," ती म्हणाली. "माका काय डोळे नाय?"

मी विचारलं, पण का?

"भियता," मावशी म्हणाली. "मोटार होईत, रस्तो आसा. थंय गेलो आणि दार उघडूक नाय, तर मगे खंय जायत तो?"

हे ऐकून मला पहिल्यांदा त्या मोटारीची कीव आली. मी म्हटलं, मीच उद्या त्याला हाताला धरून गाडीत घालतो. मावशीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी छिन्नीच मागितली. मग बांगडा खाली ठेवला, हात धुतले आणि मला काम सांगितलं. रजा काढून गोव्यात जायचं, मानाला भेटायचं आणि निरोप द्यायचा. निरोप ऐकून मला वाटलं बाईला ऊन लागलं. भाऊ तुझी आठवण काढतो, असं नाही. भाऊ यायला तयार आहे, तेही नाही. निरोप असा की तुझा भाऊ येणार नाही. तू बोलावलंस तरी येणार नाही.

मी म्हटलं, मावशी, याने होतं तेही तुटेल.

"इतकी वर्सां तेच्या वांगडा संसारात काडलंय," ती म्हणाली. "माकाय थोडा शिकाक गावला."

मी गेलो. बांद्याच्या पुढे जिथे आडवा बांबू होता तिथे आता एक बकरी निवांत रवंथ करत होती. मानाचं गाव विचारत विचारत पोचलो. आवारातच भेटली. पोफळीसारखी उंच, सरळ, काळा झगा, डुकरांना पेज घालत होती. त्या घराण्यातला सगळा उंचपणा हिच्या वाट्याला आणि सगळा रुंदपणा भावाच्या. मी एस.टी.चा कंडक्टर आहे, भरल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत माझा आवाज पोचतो. पण तो निरोप सांगताना माझा आवाज माझ्याच कानापर्यंत पोचेना. दोनदा सांगावा लागला.

तिने पेजेचं भांडं रिकामं केलं. उपडं ठेवलं.

"येना म्हणटा?" ती म्हणाली. "जाल्यार हांव येतां."

आणि घरात जाऊन छत्री घेऊन आली. जुनी, रेशमी, मूठ फुटलेली. मी छत्रीकडे बघितलं आणि मुकाट्याने पुढे चालू लागलो.

परतीच्या वाटेवर गाडीत ती माझ्या शेजारी बसली. सावंतवाडी येईपर्यंत एक अक्षर नाही. शांतता मला पचत नाही, तो माझ्या धंद्यातला दोष आहे. म्हणून मी तिला पात्रांवच्या बोल्टांची नावं सांगितली. तलाठी, सासू, वकील. आणि कुणालाच न जुमानणारी शेवटची पिन, तिचं नावही बोलून गेलो. बोलल्यावर जीभ चावली. कुडाळ मागे पडलं, धामापूरचं तळं दिसू लागलं, तेव्हा ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, नाव बरं ठेवलंय. तिच्या तोंडावर समाधान होतं. आपलं नाव भावाने कुठेतरी सन्मानाने लावलंय, असं काहीतरी.

मालवणात उतरून घरी पोचलो तेव्हा पाय नेहमीच्या जागी होते. मावशी दारात येऊन उभी राहिली. पायरीखालची आखूड चौकी तेवढी उचलून मोटारीपाशी ठेवली. माना तिच्यावर बसली. गुडघे हनुवटीला लागले. आता मधे मोटारीचं मडगार्ड, वर माना, खाली अंधारात पात्रांव. इगर्जेत कबुलीजबाबाच्या खोक्यात मधे जाळी असते, पलीकडचा दिसत नाही, नुसता श्वास ऐकू येतो, तसं.

माना छत्रीच्या टोकाने मडगार्डवर टकटक करून कोंकणीत म्हणाली की ऐकलंय मी, तू येणार नाहीस.

खालचे पाय गोठले. एक अंगठा वर उचललेला होता तो तसाच राहिला. बहिऱ्या कानालाही तो आवाज गेला असावा.

खालून आवाज आला. "मोटार जावंक नाय अजून."

"मोटार कोणें मागल्या?"

कोंबड्या टपावरून उतरल्या. मला वाटलं, झालं, निरोपाने दोन्ही बाजूंनी घट्ट बसवलं, आता ही उठून जाईल आणि हा जन्मभर खाली राहील. मग माना, दुसऱ्याच कुणाच्या घरची गोष्ट सांगितल्यासारखी, सांगू लागली की तिच्या घराच्या दाराची बिजागरी गंजून गच्च झालीय. दार उघडं ते उघडंच राहिलंय. लावता येत नाही. गावातले दोघे-तिघे हात टेकून गेले. डुकरं आत येतात, पाऊस आत येतो.

मोटारीखाली हालचाल झाली. धंद्याची गोष्ट निघाली होती.

"कितली वर्सां उघडा आसा?" पात्रांवने विचारलं.

"तूं गेलो त्या दिसा साकून," माना म्हणाली.

मी मावशीकडे बघितलं. मावशी पदर तोंडाला लावून पडवीत निघून गेली. मग पोटीस सुटून खाली पडल्याचा आवाज आला. मग पाना. एकच गिरकी, डावीकडे. आणि पात्रांव सरपटत बाहेर आला, केसांत वाळू, अंगाला तेल, हातात ती पिन. गंजाचा ठिपका नाही. मेण पिऊन पिऊन अशी झळकत होती की बिशपने बोटात घालावी. त्याने ती मानाच्या पुढे धरली. दुसरं काय करावं हे त्याला कळलं नसावं.

मानाने पिन हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली, आणि विचारलं की हीच का ती. पात्रांव म्हणाला होय. ती म्हणाली, वजनाला हलकी आहे. आणि तेवढ्यात मागची डावी कमान, पिन निघालेली, करकरत सुटली आणि मोटार त्या बाजूने अशी बसली की आणखी पंधरा दिवस तरी ती कुठे जाणार नव्हती. पात्रांव वळून बघू लागला. माना म्हणाली की मोटारीसाठी थांबायला तिला सवड नाही, डुकरं उपाशी आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने दोघं गेली. तिकिटं मीच फाडली. खाकी अर्धी चड्डी, वर काळा कोट, मांडीवर हत्यारांची पिशवी, उंडीच्या तेलाची बाटली आणि इगर्जेतली मेणबत्तीची टोकं डबाभर. पाद्रीबाबांनी स्टँडवर येऊन आणखी एक डबा दिला.

आठ दिवसांत येतो म्हणून गेलेला माणूस महिना झाला तरी येईना. मावशीने मला पुन्हा पाठवलं, या खेपेला निरोपाशिवाय. नुसते सुके बांगडे देऊन. मी पोचलो तेव्हा पात्रांवची कीर्ती तालुकाभर झालेली. त्याने गावच्या विहिरीचा रहाट सोडवला होता, इगर्जेची घंटा सोडवली होती, चार शिवणयंत्रं, एक बंदूक, आणि एका म्हाताऱ्याच्या बोटातली लग्नाची अंगठी. म्हातारी बायको म्हणे त्यावरून अजून भांडत होती. लोक गाड्यांत लोखंड भरून आवारात येत होते.

मला बिजागरी बघायची होती. दार भिंतीला पाठ लावून सताड उघडं उभं होतं. खालचा कोपरा जमिनीत रुतलेला, त्यावर मनीवेल चढलेली, आणि बिजागरी म्हणजे लाल दगडाचा गोळा. मी पोटीस शोधलं. कुठे पट्टी नाही, तेलाचा डाग नाही, मेणाचा थेंब नाही. मी विचारलं, पात्रांव, हिला अजून हात लावला नाहीत?

"ती बरी आसा," तो म्हणाला, आणि आपल्या ताटातला तुकडा पुढे करून दारातून आत आलेल्या डुकराला घातला.

आतून माना ओरडली की महिनाभर हा रोज उद्या करतो म्हणतोय. पात्रांवने मला डोळा घातला आणि मोठ्याने म्हणाला, उद्या. मानानेही पुढे काही विचारलं नाही. तिने माझ्या पानात आणखी भात वाढला.

संध्याकाळी समुद्राकडून वारा सुटला. गावातली सगळी दारं एकामागून एक धाडधाड आपटली. ते एक दार जागचं हललं नाही.